पावशेर हरभरे घेऊन बसताना

या मननाला सामग्री थोडी लागते. पावशेर देशी हरभरे, एक पसरट ताट आणि तासभर मोकळा वेळ. पुण्याच्या बुधवार पेठेत पहिल्या दोन वस्तू हाकेच्या अंतरावर मिळतात, तिसरी आपली आपण काढायची. मंडईच्या बाजूच्या एखाद्या किराणा-भुसार दुकानातून हरभरे घ्या आणि तुळशीबागेत शिरा. बांगड्या, कंगवे, भातुकलीची भांडी ओलांडून राममंदिराच्या आवारात आलात की बाहेरचा गलका जरा खाली बसतो. तिथे कडेला बसा. घरी बसलात तरी चालेल, पण बसा. उभ्याउभ्या हे होत नाही.

हरभरे ताटात ओता. काही शोधू नका. आधी नुसतं बघा.

साधारण १,२५० दाणे तुमच्यासमोर आहेत. ‘विजय’सारखा वाण असेल तर १०० दाण्यांचं वजन २० ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यावरून हा हिशेब. रंग पिवळसर तांबूस, अंग कोनाकोनांचं आणि सुरकुतलेलं, एका टोकाला बारीक चोच. पहिल्या नजरेला सगळे एकसारखे. ही पहिली नजर थोडा वेळ तशीच राहू द्या.

या दाण्यांनी आपलं वर्ष भरलेलं असतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे ओटीत पडतात, कैरी किसून घातली की आंबेडाळ होते, होळीला पुरण, अनंत चतुर्दशीला वाटली डाळ. तांबडी जोगेश्वरी आणि तुळशीबागेचा गणपती मिरवणुकीला निघतात त्या दिवशी पेठेतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हीच डाळ भिजत पडलेली असते. इतक्या वेळा हाताखालून गेलेली वस्तू डोळ्यांखालून मात्र क्वचित जाते.

आता बोटाने दाणे निवडायला लागा. मोठे एकीकडे, बारके एकीकडे. गडद निराळे, फिके निराळे. एखादा जास्त सुरकुतलेला, एखादा जरा गोलसर. हळूहळू ताटात चार-पाच ढिगल्या होतील. मघाशी एक दिसणारं धान्य आता अनेक झालं, आणि मन सुखावतं की विविधता सापडली.

याच जागी एक माणूस थांबला होता. डेन्मार्कचा विल्हेल्म योहान्सेन. त्याच्यापुढे हरभरे नव्हते, घेवड्याचे दाणे होते, तेही बाजारातून आणलेले. त्या मालातून त्याने १९ वंश वेगळे धरले, प्रत्येक वंश एकेका दाण्यापासून सुरू झालेला. हा घेवडा स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून एका दाण्याची संतती आतून एकसारखी राहते. मग एका वंशातले सगळ्यांत मोठे दाणे त्याने वेगळे पेरले आणि सगळ्यांत बारके वेगळे. दोन्हीकडून आलेल्या नव्या दाण्यांचं सरासरी वजन जवळजवळ सारखंच भरलं. पुढच्या पिढीत पुन्हा निवड केली, पुन्हा तेच. हे त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्दही त्यानेच दिला.

यातलं मर्म सावकाश उतरू द्या. एक दाणा मोठा आहे, कारण घाट्यात तो एकटाच होता, किंवा त्याच्या झाडाला पाटाचं पाणी दोन दिवस जास्त मिळालं. त्याचा मोठेपणा त्याच्याबरोबर संपतो. दुसरा दाणा मोठा आहे, कारण त्याचा वंशच टपोऱ्या दाण्यांचा आहे. त्याचा मोठेपणा पुढे उतरतो. ताटात दोघे शेजारी-शेजारी पडलेत आणि जगातला कुठलाही डोळा त्यांना वेगळं ओळखू शकत नाही.

तुमच्या ढिगल्यांकडे परत एकदा बघा. यातला कुठला फरक शेताचा आणि कुठला वंशाचा? उत्तर द्यायचं नाही. प्रश्न जवळ ठेवायचा.

वनस्पती पैदासकार या प्रश्नाला ज्या रीतीने सामोरा जातो ती रीत मला फार आवडते, कारण तिच्यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त आहे. तो सगळे वाण एकाच शेतात लहान वाफ्यांत लावतो, आणि प्रत्येक वाण एकदाच न लावता दोन-तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी लावतो. मग निम्म्या झाडांना फुलं यायला किती दिवस लागले, उंची किती, फांद्या किती, घाटे किती, १०० दाण्यांचं वजन किती, हे टिपत बसतो. एकाच वाणाच्या दोन वाफ्यांत जो फरक पडला तो शेताचा. तो वजा जाऊन दोन वाणांमध्ये जो उरला तो वंशाचा. थंडीच्या सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, आंबट आणि चरचरीत. तिच्यात हात घालून ही मोजणी करावी लागते.

आता ढिगल्या मोडा. सगळे दाणे पुन्हा एक करा. डोळे मिटा आणि दोन दाणे उचला. डोळे उघडण्याआधी स्वतःला विचारा: हे दोन वेगळे निघतील का?

दाणे परत टाका, ढवळा, पुन्हा दोन उचला. पुन्हा तोच प्रश्न.

जनुकीय विविधतेचं जे माप आज जगभर वापरतात ते जवळजवळ एवढंच आहे. जनुकशास्त्रज्ञ मासातोशी नेई यांनी १९७३ मध्ये ते मांडलं. जनुकाच्या एखाद्या जागी किती वेगवेगळी रूपं आहेत एवढंच पाहायचं नाही, तर त्यांतली सहज उचललेली दोन रूपं वेगळी असण्याची शक्यता किती, हे मोजायचं. दहात आठ एका रूपाची आणि दोन दुसऱ्या रूपाची असतील तर उत्तर ०.३२. पाच-पाच असतील तर ०.५०. दहाच्या दहा वेगळी असतील तर ०.९०. आणि सगळी एकच असतील तर शून्य.

पहिली दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. रूपं दोन्हीकडे दोनच आहेत, पण एकीकडे एक रूप कोपऱ्यात ढकललं गेलंय. वाण नामशेष होण्याच्या कितीतरी आधी त्याचा वाटा असा घटत येतो. यादीत नाव असतं, मुठीत येत नाही.

आणि आता ते शून्य मनात धरा. सगळे दाणे एकाच वंशाचे. शेत एकदम फुलतं, एकदम पिकतं, यंत्राच्या एका फेरीत निघतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले विक्रम’ हा उंच वाढणारा वाण हार्वेस्टरने काढता यावा म्हणूनच दिला, आणि मजूर मिळत नसताना शेतकऱ्याला तो वरदान वाटला तर त्यात नवल नाही. एकसारखेपणा ही त्याची खरी गरज आहे. कायदाही तेच मागतो. वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या २००१ च्या कायद्याखाली नवा वाण नोंदवायचा तर तो इतरांहून वेगळा, आतून एकसारखा आणि पिढ्यान्पिढ्या स्थिर असावा लागतो. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे.

शेतात एकसारखेपणा हवा, आणि असा वाण घडवायचा तर कुठेतरी भरपूर वेगळेपणा शिल्लक हवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून बघा. जमायला वेळ लागतो. एक धरली की दुसरी सुटते, आणि माझ्या मते बियाण्यांवरची बरीचशी भांडणं एकच हातात धरलेल्या माणसांची असतात.

आता बाकीचे दाणे बाजूला सारा. एकच दाणा तळहातावर ठेवा आणि त्याच्या मागे जायला लागा.

हा दाणा एका घाट्यातून आला, घाटा एका फुलातून. देशी हरभऱ्याचं फूल गुलाबी-जांभळं, काबुलीचं पांढरं. कळी उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकलेलं असतं. मधमाशी येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे या दाण्याची आई आणि बाप एकच झाड. त्या झाडाचे आई-बाप पुन्हा एकच झाड. मागे जा, आणखी मागे जा. माणसाची वंशावळ मागे जाताना दुपटीने फुटत जाते, दोन, चार, आठ. हरभऱ्याची मात्र एकच एक पायवाट मागे जाते.

मग कुठेतरी ती वाट दुभंगते. तिथे एक माणूस बसलेला असतो, हातात चिमटा घेऊन. कळी कोवळी असताना तिच्यातले दहा पुंकेसर एकेक करून काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावायचे. कळी गव्हाच्या दाण्याहून फार मोठी नसते. पुष्कळ कळ्या नुसत्या हाताळण्यानेच गळून पडतात. ज्या टिकतात त्यांतून घाटा धरतो आणि आत एक किंवा दोन दाणे. एवढ्या खटाटोपाची ही कमाई, आणि या एकदोन दाण्यांत दोन वंश पहिल्यांदा एकत्र आलेले असतात.

पुढच्या पिढीपासून फूल पुन्हा आपल्याआपणच फळायला लागतं, आणि ते एकत्र येणं दर पिढीला निम्म्याने कमी होत जातं. शंभरातलं पन्नास उरतं, मग पंचवीस, मग साडेबारा. सहाव्या पिढीला शंभरात दीड. दोन वंशांचं पाणी ढवळून पुन्हा निवळलं; आता तळाशी काय बसलं ते पाहायचं. पैदासकार या निवळलेल्या शेकडो ओळींतून हवी ती एक निवडतो. बाकीच्या बहुतेक जातात.

आणखी मागे चला. राहुरी नाही, पुणं नाही. इथून शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जवाबरोबर मसूर, कुळीथ, लाख अशा कडधान्यांचे जळलेले दाणे निघाले. डाळीशी आपली ओळख पुणं वसण्याच्या फार आधीची आहे. हरभरा मात्र दुरून आला. त्याचा रानटी पूर्वज आजही फक्त तुर्कस्तानच्या आग्नेय भागातल्या काही टेकड्यांवर सापडतो. जमिनीसरपट पसरणारा, बारीक काळपट दाण्यांचा, घाटे वाळले की तडकणारा. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी त्यातली न तडकणारी झाडं धरली आणि घरी नेली. किती झाडं? फार नसावीत. त्या टेकड्यांवरचा बाकी सगळा वेगळेपणा तिथेच राहिला.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात ३,३६६ हरभऱ्यांचा संपूर्ण डीएनए वाचला होता, त्यांतले १९५ रानटी. त्यावरून दिसलं ते असं की, दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झालेला हा चिंचोळा रस्ता अरुंद होत होत सुमारे हजार वर्षांपूर्वी सगळ्यांत अरुंद झाला, आणि गेल्या चारशे वर्षांत पीक पुन्हा फोफावलं. तळहातावरचा दाणा त्या चिंचोळ्या जागेतून आलेला आहे. थोडा वेळ त्याचं वजन जाणवतंय का बघा. ०.२ ग्रॅम.

आता दुसरा दाणा उचलून पहिल्याशेजारी ठेवा. दोघांमध्ये अंतर किती?

पट्टीने मोजायचं अंतर हे नव्हे. पैदासकाराला संकरासाठी जोडी निवडायची असते. अगदी जवळचे दोघे निवडले तर संततीत नवं काही दिसणार नाही. फार लांबचे निवडले, समजा रानटी पूर्वजच घेतला, तर रोगाशी लढण्याचं बळ येईल, पण त्याच्याबरोबर सरपटणं, तडकणं, बारके दाणे हे सगळं येईल आणि ते धुऊन काढण्यात वर्षं जातील. म्हणून अंतर मोजावं लागतं.

यासाठी भारतातल्या कृषी विद्यापीठांतून सर्वांत जास्त वापरलं गेलेलं माप संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं. १९३६ मध्ये त्यांनी ते पूर्ण रूपात मांडलं. त्यातली खुबी अशी की, जे गुण हातात हात घालून चालतात ते दोनदा मोजले जात नाहीत. फांद्या जास्त तिथे घाटेही जास्त, म्हणून दोहोंतून मिळणारी माहिती एका गुणाच्या माहितीपेक्षा थोडीच जास्त. माप हे ओळखतं आणि तेवढंच मोजतं. गंमत म्हणजे महालनोबिसांनी हे माप पिकांसाठी काढलं नव्हतं. माणसांच्या डोक्यांची, नाकांची, उंचीची मापं घेऊन कोणता समूह कोणाच्या किती जवळचा, हे त्यांना पाहायचं होतं. पुण्यातही डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे अशीच मापं घेत महाराष्ट्रभर हिंडल्या, आणि वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं महाराष्ट्रातल्या मानवमितीवरचं पुस्तक १९५१ मध्ये निघालं. माणसांच्या बाबतीत त्या मोजमापांतून काय साधलं यावर मतभेद आहेत. हरभरा, तूर, मूग, चवळी यांनी मात्र ते माप तक्रार न करता स्वीकारलं.

या मापाने एक गोष्ट वारंवार दाखवली आहे, आणि ती मनात घोळवण्यासारखी आहे. शेजारच्या दोन तालुक्यांतले वाण कधी कधी फार दूरच्या गटांत पडतात, आणि दोन देशांतले वाण एकाच गटात येऊन बसतात. गावांतलं अंतर आणि वंशांतलं अंतर यांचा मेळ बसेलच असं नाही. बियाणं माणसाबरोबर चालतं. माहेराहून सासरी, बाजारातून बांधावर.

इथे एक कडवट गोष्ट बोलून टाकतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अशा अंतरांवर आपल्याकडे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे ढीगभर प्रबंध झाले. वाण लावले, मोजले, गट पाडले, आणि शेवटच्या पानावर शिफारस लिहिली की अमुक गटातल्या वाणाचा तमुक गटातल्या वाणाशी संकर करावा. पुढे तो संकर किती ठिकाणी झाला? मोजणं हे काम पूर्ण करता येतं, बांधून कपाटात ठेवता येतं. संकर करून सहा-सात वर्षं वाट पाहणं कपाटात मावत नाही. विविधता मोजून वाढत नाही, एवढं त्या दोन दाण्यांकडे बघत बघत मनाशी धरा.

दोन दाणे ताटात ठेवा. डोळे मिटून आता एक शेत आणा समोर.

हरभऱ्याचं शेत, पेरून महिना झालाय. हिरवं आहे. एका कोपऱ्यात दोन झाडांनी माना टाकल्यात. पाणी कमी पडलं म्हणावं तर जमिनीत ओल आहे. झाड उपटून मूळ उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. शेतकरी याला ‘मर’ म्हणतो. फ्युझेरियम नावाची बुरशी मुळातून शिरून पाण्याच्या नळ्या बुजवते. हरभरा नसतानाही ती जमिनीत सहा-सहा वर्षं टिकून राहते. पिकं फिरवून बघितली तरी ती वाट पाहत बसते. इक्रिसॅटमध्ये एम. पी. हवारे आणि वाय. एल. नेने यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की भारतात या बुरशीचे एक नव्हे, चार वंश आहेत, आणि एकाला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे आडवा होतो. विविधता फक्त आपल्या बाजूला नसते.

शेतातल्या सगळ्या झाडांचं मघाचं नेईंचं माप शून्य असेल, तर त्या दोन झाडांचं जे झालं ते बाकीच्यांचंही होणार.

याच मरवर बुधवार पेठेपासून काही किलोमीटरवर, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम झालं. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा हरभऱ्यात काय करते, असं वाटेल. त्यांनी जेजी ६२ आणि विजय या वाणांच्या संकराची संतती घेतली. विजय हा राहुरीचा वाण, जिरायतात आणि उशिरा पेरलं तरी साथ देणारा, मरला दाद न देणारा. त्यांच्या संततीतल्या कोणत्या ओळी मेल्या, कोणत्या तगल्या, हे बघायचं आणि प्रत्येकीच्या डीएनएवरच्या खुणा जुळवायच्या. मेलेल्यांत एक खूण आणि तगलेल्यांत दुसरी असं सातत्याने दिसलं की कळतं, प्रतिकाराचं जनुक त्या खुणेच्या शेजारी राहतं. राहुरीच्या विद्यापीठाबरोबरच्या कामातून बुरशीच्या १, २ आणि ३ क्रमांकाच्या वंशांना रोखणाऱ्या जनुकांच्या जागा त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केल्या. खूण हाती आली की रोप कोवळं असताना एका पानावरून सांगता येतं, हे तगेल की नाही. मर यायची वाट पाहावी लागत नाही.

पण माझं मन विजयपेक्षा जेजी ६२ वर जास्त रेंगाळतं. हा वाण मरला इतका हळवा आहे की मर आलेल्या चाचणी-वाफ्यात दर काही ओळींनंतर मुद्दाम लावतात. तो मेला की कळतं, बुरशी इथवर पोचली आहे, आता शेजारच्या ओळीची परीक्षा खरी. तो मेला नाही तर सगळी चाचणीच बाद. मरण्यासाठी ज्याला जपतात असा हा वाण. आणि त्याच्या एकेका देठावर दोन दोन घाटे लागतात, जे बहुतेक हरभऱ्यांत दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने टाकाऊ, पण शास्त्राला त्याच्यावाचून गाडी पुढे नेता येत नाही. आपण ‘चांगलं बियाणं’ म्हणतो तेव्हा कोणासाठी चांगलं आणि कोणत्या वर्षी चांगलं, हे विचारायला हा वाण शिकवतो.

आता नावांकडे या. तुम्ही हरभरे घेताना दुकानदाराने वाणाचं नाव सांगितलं नसेल. बाजार समितीत आवक चाफा, काट्या, गरडा, काबुली, डॉलर अशा नावांनी लिहिली जाते. यातलं काही वाणाचं नाव आहे, काही नुसतं रूपाचं. गावोगावच्या जुन्या बियाण्यांचीही तीच तऱ्हा. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावं, आणि एकाच नावाखाली दोन वाण. ही पेठही कधीकाळी मुहियाबाद म्हणून ओळखली जात होती. पाटी बदलली तरी गल्ल्या जागच्या हलल्या नाहीत. बियाण्याच्या बाबतीत डीएनएच्या खुणांचा मोठा उपयोग हा आहे. पाटीखाली कोण राहतं ते कळतं.

कळलं म्हणजे साठवणही शहाणपणाने करता येते. इक्रिसॅटच्या बीजपेढीत हरभऱ्याचे इतके नमुने होते की कोणत्याही पैदासकाराला ते सगळे लावून पाहणं अशक्य. १६,९९१ नमुन्यांतून आधी १,९५६ निवडले, बहुतेक विविधता त्यांत यावी असे. मग त्यांतून २११. पहिल्या ढिगातला वेगळेपणा मुठीत आणण्याचा हा प्रयत्न. मघाशी तुम्ही ताटात ढिगल्या केल्या होत्या. तेच काम, फक्त मोजून केलेलं. एका ढिगलीतून एकदोन दाणे उचलायचे आणि सर्वांत चांगले तेवढेच उचलायचा मोह आवरायचा. तो मोह आवरणं हेच यातलं कौशल्य. ज्यांनी २११ निवडले त्यांनी जास्त उत्पन्नाचे २११ निवडले असते, तर जेजी ६२ सारख्याला कुठे जागा मिळाली असती?

साठवण एकाच जागी असून चालत नाही, हे या पेठेला सांगायला नको. इथला बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला. हरभरा आणि मसुराची जगातली एक मोठी बीजपेढी सीरियात अलेप्पोजवळ होती, इकार्डा संस्थेची. युद्धाने ती गाठणं अशक्य झालं. पण तिथल्या बियाण्याच्या जोड-प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ तिजोरीत आधीच पोचलेल्या होत्या. त्या तिजोरीतून पहिल्यांदा कोणी बियाणं परत मागितलं असेल तर या संस्थेने, २०१५ मध्ये. ते मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पेरलं, वाढवलं, आणि नवी प्रत पुन्हा स्वालबार्डला ठेवली.

पण तिजोरीत बियाणं थांबलेलं असतं. शेतात ते चालत राहतं. नवा पाऊस, नवी बुरशी, नवा उन्हाळा अंगावर घेतं. म्हणून अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि इतर पिकांचे गावरान वाण घराभोवती लावून जपले, त्याचं मोल तिजोरीइतकंच आहे. पद्मश्री मिळाल्यावर लोकांनी त्यांना ओळखलं. त्यांच्या वालाने त्यांना आधीपासून ओळखलं होतं.

आता ताटाकडे शेवटचं बघा, आणि जे दाणे तिथे नाहीत त्यांचा विचार करा. फुटाण्यांसाठी वेगळा लावत तो गुलाबी हरभरा. आजोळी परसात चार ओळी असायचा तो हिरव्या दाण्याचा, ज्याचे सोलाणे आणि हुळा खाल्ल्याचं घरात कोणाला तरी आठवतं. डाळ लवकर शिजते म्हणून आजी फक्त घरासाठी राखायची तो. यांतले काही वाण कुठल्यातरी बीजपेढीत असतील. काही आत्ताही एखाद्या डब्यात, राखेत घोळून ठेवलेले असतील, आणि त्या घरातली पुढची पिढी पेठेत खोली घेऊन राहत असेल.

असा डबा तुमच्या गावी असेल तर यंदा गिरणीत नेण्याआधी त्यातून ओंजळभर दाणे वेगळे काढा. त्यांत मोठे निवडू नका. डोळे मिटून, सगळ्या थरांतून घ्या. कोरड्या कागदी पाकिटात भरा. पाकिटावर लिहा: घरात त्याला काय म्हणतात, गाव आणि तालुका, बियाणं कोणाकडून आलं, केव्हा पेरता, केव्हा निघतो, जमीन कसली, आणि कशासाठी राखला. बीजपेढीवाले याला पासपोर्ट म्हणतात, आणि तो नसेल तर उत्तम दाणाही अनोळखी ठरतो. निम्मे दाणे घरीच ठेवून पुढच्या रब्बीत दोन ओळी लावा. उरलेलं पाकीट जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. पुणे जिल्ह्यात बारामतीला आणि नारायणगावला आहेत. नाहीतर राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोल्याच्या केंद्राकडे पाठवा.